लवचिक सुपरहिरो रोलप्लेइंग गेमची निवड: नव्या गटासाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

तलवार आणि जादूच्या जगातला रोलप्लेइंग गेम, म्हणजे टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एक पात्र साकारत खेळायचा कथेचा खेळ, निवडताना फारसे अडत नाही, कारण योद्धा, जादूगार, चोर असे साचे आधीच तयार असतात आणि खेळाडू त्यांतला एक उचलून सुरुवात करतो. सुपरहिरोंच्या टेबलावर मात्र एकाला आग फेकायची असते, दुसरीला इतरांच्या मनातले ऐकू येत असते, तिसऱ्याला मुंगीएवढे लहान व्हायचे असते, आणि चौथीला कोणतीच शक्ती नको असते, फक्त तल्लख बुद्धी आणि कठोर सराव हवा असतो. या चौघांना एकाच नियमांत आणि एकाच प्रसंगात अशा रीतीने सामावून घ्यायचे की कोणीही बिनकामाचे ठरू नये, हे सिस्टीमचे, म्हणजे खेळाच्या नियमसंचाचे, खरे काम आहे.

आमच्या गटाने पहिल्यांदा ही निवड केली तेव्हा सर्वांत जाड पुस्तक तेच सर्वांत लवचिक असणार, असे आम्ही गृहीत धरले. पहिल्या दोन बैठका केवळ पात्रे तयार करण्यात गेल्या, तिसऱ्या बैठकीत सुरू झालेली लढत अर्धवट राहिली, आणि चौथ्या बैठकीला दोघे जण आलेच नाहीत. पुस्तक चांगलेच होते, पण ते ज्या प्रकारच्या खेळाडूंसाठी लिहिले होते तसे आम्ही नव्हतो. त्यानंतर वेगवेगळ्या सिस्टीम खेळून पाहताना निवडीचा जो क्रम आम्हाला उपयोगी पडला, तो पुढे देत आहे.

१. ‘लवचिक’ म्हणजे कशात लवचिक, ते आधी ठरवा

हा शब्द तीन वेगळ्या अर्थांनी वापरला जातो, आणि नव्या गटाचा पहिला गोंधळ येथेच होतो.

पहिला अर्थ शक्ती घडवण्यातील मोकळीक. म्युटंट्स अँड मास्टरमाइंड्स ही सिस्टीम २००२ मध्ये आली आणि तिची तिसरी आवृत्ती २०११ मध्ये निघाली. तिच्यात आगीचा लोळ, बर्फाचा भाला आणि कान फाडणारी किंकाळी या तिन्ही गोष्टी नियमांच्या दृष्टीने एकच आहेत: दूरवरून होणारी इजा. पात्र बांधताना शक्ती विकत घ्यायला खेळाडूला ठराविक पॉइंट मिळतात; या इजेची किंमत प्रत्येक श्रेणीमागे, म्हणजे जोराच्या प्रत्येक पायरीमागे, दोन पॉइंट असते, म्हणजे दहाव्या श्रेणीचा मारा वीस पॉइंटांना पडतो. तोच मारा एका लक्ष्याऐवजी भोवतालच्या सगळ्यांना लागावा असे वाटले, तर प्रत्येक श्रेणीमागे आणखी एक पॉइंट द्यायचा. परिणाम नियम ठरवतात आणि त्याचे रूप खेळाडू ठरवतो, म्हणून पुस्तकात न लिहिलेली शक्तीही उभी करता येते.

दुसरा अर्थ पल्ल्याचा. गल्लीतल्या गुंडांशी लढणारा आणि डोंगर उचलणारा हे दोघे एकाच मोजपट्टीवर बसतात का, हा येथे प्रश्न आहे. १९८५ च्या डीसी हिरोज या खेळाने यावर सुंदर तोडगा काढला: मोजपट्टीवरची प्रत्येक पुढची पायरी आधीच्या पायरीच्या दुप्पट धरायची. म्युटंट्स अँड मास्टरमाइंड्समध्येही हीच युक्ती आहे. तेथे शून्य श्रेणीचे बळ सुमारे पन्नास पौंड उचलते आणि दहाव्या श्रेणीचे बळ सुमारे पंचवीस टन उचलते, त्यामुळे अफाट ताकदसुद्धा कागदावर दोन आकडी संख्येत मावते.

तिसरा अर्थ कथेच्या सुराचा. काही गटांना डावपेचांची लढाई हवी असते, काहींना मुखवट्यामागच्या माणसाचे घर, मैत्री आणि अपराधीपणा हवा असतो. शक्ती घडवण्यात अत्यंत मोकळी असलेली सिस्टीम या बाबतीत मुकी असू शकते. तिन्ही अर्थांनी सारखीच लवचिक असलेली सिस्टीम मला आजवर भेटलेली नाही. म्हणून तिन्हींपैकी तुमच्यासाठी पहिले कोणते, दुसरे कोणते, हे कागदावर लिहून काढा आणि मगच पुस्तके पाहू लागा.

२. गटाशी बोला, आणि उत्तरे लिहून ठेवा

सिस्टीम बहुधा गेम मास्टर, म्हणजे कथा आणि प्रसंग चालवणारा सूत्रधार, एकटाच निवडतो. हे टाळा. घरी बसून किती नियम वाचायची तयारी आहे, हे प्रत्येक खेळाडूला स्पष्ट विचारा. ‘वाचू की’ हे उत्तर पुरेसे मानू नका. आधीच्या एखाद्या खेळाचे नियम त्याने खरोखर वाचले होते का, ते आठवा. एक बैठक किती तासांची असेल आणि अशा किती बैठका जमतील, हेही विचारा, कारण दोन तासांच्या बैठकीत दीड तासाची लढत बसवणे कोणालाही सुखावत नाही. लढतीत अचूक अंतरे आणि चौकटींचा नकाशा हवा की वर्णन पुरेसे आहे, हा तिसरा प्रश्न. आकडेमोडीची आवड असलेली निदान एक व्यक्ती गटात आहे का, हा चौथा प्रश्न, आणि माझ्या मते तोच निर्णायक आहे. अशी एक व्यक्ती असेल तर ती इतरांची पात्रे बांधून देऊ शकते आणि जड सिस्टीमही चालते. नसेल तर तिच्या वाटेला न गेलेलेच बरे.

३. सिस्टीमची कुळे ओळखा

बाजारात नावे पुष्कळ आहेत, पण कुळे मोजकीच आहेत, आणि कूळ कळले की पुढची निवड सोपी होते.

*पॉइंटांनी बांधणीची सिस्टीम.* या कुळाची मूळ वाट चॅम्पियन्स या खेळाने १९८१ मध्ये घालून दिली, आणि त्यातूनच पुढे हिरो सिस्टीम उभी राहिली. सहाव्या आवृत्तीत नेहमीच्या सुपरहिरोला ४०० पॉइंट मिळतात. शक्तीच्या मूळ किमतीला वाढीव गुणांनी गुणायचे आणि मर्यादांनी भागायचे, हा तिचा गाभा आहे: ६० पॉइंटांच्या शक्तीला अर्ध्याची वाढ दिली की ती ९० ची होते, आणि त्यावर अर्ध्याची मर्यादा घातली की प्रत्यक्ष किंमत पुन्हा ६० वर येते. या सिस्टीमइतकी बारकाईने शक्ती कोरणारे दुसरे साधन मला माहीत नाही. त्याचे मोल म्हणून पात्र बांधायला वेळ लागतो आणि लढतही संथ चालते. गर्प्स ही १९८६ ची सर्वसमावेशक सिस्टीम याच कुळातली असून सुपरहिरोंसाठी तिची वेगळी पूरक पुस्तके आहेत. मात्र तिचा ओढा वास्तवाकडे असल्याने ती जमिनीवरच्या नायकांना अधिक शोभते. म्युटंट्स अँड मास्टरमाइंड्स ही त्यांतली तुलनेने हलकी बहीण आहे: फासा एकच, वीस बाजूंचा, आणि आयुष्याचे आकडे मोजण्याची भानगड नाही. मार लागला की ‘१५ अधिक माऱ्याची श्रेणी’ या आकड्याविरुद्ध फासा टाकायचा आणि किती फरकाने हुकलो त्यावर पात्र नुसते डळमळले, भोवंडले की कोसळले, ते ठरते.

*मधल्या वजनाची सिस्टीम.* २००३ ची सॅव्हेज वर्ल्ड्स येथे मोडते. पात्राच्या प्रत्येक गुणाला (बळ, चपळाई इत्यादी) एक फासा ठरलेला असतो; त्या गुणाचा फासा आणि सोबत एक षट्फलकी फासा टाकून त्यांतला मोठा आकडा घ्यायचा, चार किंवा जास्त आले की यश, आणि फाशावर सर्वांत मोठा आकडा पडला की तो पुन्हा टाकून बेरीज करायची, हे पाच मिनिटांत समजते. २०१० चा आयकॉन्स हा खेळ त्याहून हलका आहे. त्यात गुण एक ते दहाच्या पट्टीवर असतात आणि पात्र चक्क फासे टाकून ठरवता येते. ज्यांना कोणता नायक व्हावे तेच सुचत नाही, त्यांच्यासाठी हा मोठा आधार आहे.

*कथाप्रधान सिस्टीम.* फेट कोअर २०१३ मध्ये आली. तिच्यात पात्राचे सार वाक्यांत लिहिले जाते आणि ती वाक्येच नियमांचे काम करतात. २०१६ चा मास्क्स हा खेळ केवळ किशोरवयीन नायकांच्या संघासाठी आहे. त्यात बळाचा आकडाच नाही. स्वतःकडे तुम्ही धोका म्हणून पाहता की तारणहार म्हणून, याचे आकडे आहेत, आणि मोठ्यांच्या शब्दांनी ते बदलतात. २०२० चा सेंटिनल कॉमिक्स हा खेळ प्रसंगाचा ताण हिरवा, पिवळा, लाल अशा टप्प्यांनी वाढवतो आणि ताण वाढेल तशा नायकाच्या मोठ्या क्षमता खुल्या होतात, त्यामुळे पहिल्याच फेरीत सर्वांत भारी अस्त्र वापरून लढत संपवण्याची सवय आपोआप सुटते.

*नामांकित विश्वांचे अधिकृत खेळ.* २०२३ चा मार्व्हल मल्टिव्हर्स हा सध्याचा ठळक नमुना. ओळखीची पात्रे तयार मिळतात, ही त्याची सोय आहे. पण परवान्यावर चालणाऱ्या खेळाचे आयुष्य परवान्याइतकेच असते, हे ध्यानात ठेवा. २०१२ मध्ये आलेला आणि अनेकांना मनापासून आवडलेला मार्व्हल हिरोइक रोलप्लेइंग हा खेळ, परवाना पुढे चालू न राहिल्याने, पुढच्याच वर्षी थांबला.

४. तेच तीन नायक प्रत्येक सिस्टीममध्ये बांधून पाहा

सगळ्या टप्प्यांपैकी एकच पाळणार असाल, तर हा पाळा. दोन किंवा तीन सिस्टीम निवडा आणि पुढील तीन नायक प्रत्येकीत स्वतःच्या हाताने बांधा. परीक्षणे वाचून जे कळत नाही ते येथे एका संध्याकाळी कळते.

पहिली नायिका सावल्यांमधून ये-जा करणारी. ती एका सावलीत शिरून दुसरीतून बाहेर पडते, अंधारात दिसेनाशी होते आणि सावल्यांच्या दोऱ्यांनी शत्रूला जखडते. म्युटंट्स अँड मास्टरमाइंड्समध्ये ती तीन परिणामांची मिळून होते: स्थलांतर, अदृश्यता आणि जखडणारी बाधा. सावली असेल तेथेच स्थलांतर चालेल अशी मर्यादा घातली की त्याची किंमत दर श्रेणीला दोनवरून एक पॉइंटावर येते. या शक्ती एका वेळी एकच वापरता येतील असे ठरवून त्यांचा संच केला, तर पहिल्या शक्तीची पूर्ण किंमत भरून पुढची प्रत्येक अवघ्या एका पॉइंटाला मिळते. फेटमध्ये तिचे सार ‘सावल्यांची प्रवासी’ या शब्दांत येते आणि तिची अडचण ‘लख्ख उजेडात असहाय’ अशी लिहिली की सूत्रधाराच्या हाती कथेची दोरीही येते. शत्रूला जखडणे म्हणजे त्याच्यावर ‘सावल्यांत अडकलेला’ हे वाक्य चिकटवणे. हे दहा मिनिटांत होते. पहिल्या पद्धतीत ती किती दूर जाऊ शकते हे नेमके कळते, दुसऱ्या पद्धतीत तिला कशाची भीती वाटते हे आधी कळते. दोन्ही बांधून झाल्यावर यांपैकी कोणता कागद हातात घेऊन खेळावेसे वाटते, ते प्रामाणिकपणे पाहा.

दुसरी, शक्ती नसलेली शोधक. ती लोखंड वाकवणाऱ्या सोबत्याच्या शेजारी निष्प्रभ वाटते का, हे तपासा. म्युटंट्स अँड मास्टरमाइंड्समध्ये नायकांच्या एकूण सामर्थ्याच्या दहाव्या पातळीवर प्रत्येक नायकाला १५० पॉइंट असतात आणि नेम व माऱ्याची श्रेणी यांची बेरीज विसाच्या पुढे जाऊ शकत नाही. म्हणून बलदंड नायक ८ नेम आणि १२ मारा घेईल, शोधक १३ नेम आणि ७ मारा घेईल; बचावातही चपळाई आणि कणखरपणा यांच्या बेरजेला तीच कमाल मर्यादा आहे. एक क्वचित लागणारा पण मोडून टाकणारा, दुसरी हमखास लागणारी पण हलकी, आणि दोघेही टेबलावर उपयोगी. निवडलेल्या सिस्टीममध्ये असा काही तोल आहे का, ते शोधा. कथाप्रधान सिस्टीममध्ये हा तोल दोघांना कथेत सारखाच वाव देऊन साधलेला असतो.

तिसरा नायक इतरांच्या शक्तींची नक्कल करणारा. या कल्पनेपुढे बहुतेक सिस्टीम धापा टाकू लागतात. पॉइंटांच्या सिस्टीममध्ये यासाठी बदलत्या शक्तींचा राखीव साठा घ्यावा लागतो, तो महाग असतो, आणि खेळ थांबवून आकडेमोड करावी लागते. तुमच्या गटात कोणालाही असे पात्र नको असेल, तर ही कसोटी खुशाल सोडून द्या.

बांधताना एक सापळा जपा. ‘फक्त अंधारात चालते’, ‘हात मोकळे असतील तरच चालते’ अशा मर्यादा घालून खेळाडू पॉइंट वाचवतात, आणि त्यांतल्या काही मर्यादा प्रत्यक्ष खेळात कधीच आड येत नाहीत. ज्या मर्यादेने अडचण होत नाही तिला सवलत देऊ नये, असे हिरो सिस्टीमचे नियमच सांगतात. सूत्रधाराने प्रत्येक मर्यादेपुढे ‘ही कधी अडवेल’ याचे एक उदाहरण खेळाडूकडून लिहून घ्यावे. उदाहरण सुचत नसेल तर सवलत काढून टाकावी.

५. एक चाचणी लढत खेळा

एक खलनायक, आठ-दहा किरकोळ गुंड, कोसळू पाहणारा पूल आणि त्यावर अडकलेली माणसे एवढा प्रसंग पुरेसा आहे. घड्याळ लावा आणि तीन गोष्टी टिपा: एका खेळाडूची पाळी पुन्हा येईपर्यंत किती वेळ गेला, किती वेळा पुस्तक उघडावे लागले, आणि माणसांना वाचवण्याचा प्रयत्न नियमांत कसा बसला. शेवटची गोष्ट अनेक जण तपासत नाहीत. मला मात्र तीच सुपरहिरो खेळाची खूण वाटते, कारण ज्या नियमांत केवळ मारहाणीला आकडे आहेत, तेथे खेळाडू हळूहळू मारहाणच करू लागतात.

गुंडांचे नियम खास पाहा. सॅव्हेज वर्ल्ड्समध्ये महत्त्वाची पात्रे तीन जखमा सोसतात आणि किरकोळ पात्र एकाच जखमेत बाद होते. म्युटंट्स अँड मास्टरमाइंड्समध्ये किरकोळ गुंड मार सोसण्याच्या फाशात हुकला की थेट कोसळतो. असा नियम नसेल तर दहा गुंडांची लढत रात्रभर चालते. चॅम्पियन्समध्ये बारा सेकंदांचा एक आवर्त असतो, पात्राच्या वेगाच्या आकड्यावरून त्या बारांपैकी कोणत्या क्षणी त्याची पाळी येते ते ठरते, आणि मोठ्या माऱ्याला बारा षट्फलकी फासे टाकून दोन वेगवेगळ्या बेरजा कराव्या लागतात. ज्यांना हे आवडते त्यांना वेगवान नायक खरोखर वेगवान वाटतो, आणि तो आनंद दुसरीकडे सहसा मिळत नाही. ज्यांना आवडत नाही त्यांना तो पहिल्या आवर्तातच नकोसा होतो. मास्क्समध्ये याउलट पाळ्यांचा ठरलेला क्रमच नाही. दोन षट्फलकी फाशांच्या बेरजेत पात्राचा संबंधित आकडा मिळवून एकूण बेरीज दहा किंवा जास्त आली तर पूर्ण यश, सात ते नऊ आली तर किंमत मोजून यश, एवढ्यावर प्रसंग पुढे सरकतो. तेथे शांत स्वभावाचे खेळाडू मागे पडत नाहीत ना, याकडे सूत्रधाराला लक्ष द्यावे लागते.

६. साहित्य जमवा

पैसे खर्च करण्याआधी मोफत मिळणारे अधिकृत नियम वाचा. फेटचे नियम खुल्या परवान्याखाली इंटरनेटवर उपलब्ध आहेत, म्युटंट्स अँड मास्टरमाइंड्सच्या तिसऱ्या आवृत्तीचे मूळ नियमही ऑनलाइन वाचता येतात, आणि गर्प्सची ‘लाइट’ ही संक्षिप्त आवृत्ती विनामूल्य आहे. त्यानंतर पुढील गोष्टी लागतील:

- मूळ नियमांचे एक पुस्तक. सॅव्हेज वर्ल्ड्ससाठी मूळ पुस्तकासोबत सुपर पॉवर्स कंपॅनियन हे पूरक पुस्तकही लागते.
- त्या सिस्टीमचे फासे. फेटचे खास फासे नसतील तर साध्या षट्फलकी फाशावर एक-दोन म्हणजे उणे, तीन-चार म्हणजे शून्य आणि पाच-सहा म्हणजे अधिक असे धरून चालते.
- प्रत्येकासाठी कोरी कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राची माहिती लिहायचा कागद, आणि पेन्सिल. पॉइंटांच्या सिस्टीममध्ये हिशेबाचा कच्चा कागद वेगळा ठेवा, कारण सहा महिन्यांनी ‘हे बावीस कुठून आले’ हा प्रश्न पडतोच.
- सूत्रधारासाठी नेहमी लागणाऱ्या नियमांचे एक पान, स्वतः लिहिलेले.

आवृत्ती जुळते की नाही, हे दोनदा तपासा. जुन्या आवृत्तीचे पूरक पुस्तक स्वस्तात मिळाले म्हणून घेतले आणि मग त्यातला प्रत्येक आकडा नव्या नियमांत बदलत बसावे लागले, हा अनुभव मी घेतलेला आहे.

७. सुरू करण्यापूर्वी शक्तींच्या सीमा ठरवा

पॉइंट सारखे असले की नायक समतोल होतात, हा सर्वांत पसरलेला गैरसमज आहे. मन वाचणे, भूतकाळ पाहणे, भिंतीपलीकडचे दिसणे आणि स्थलांतर या शक्ती लढतीत साध्या असतात, पण गूढ उकलण्याच्या कथेत त्या पहिल्या दहा मिनिटांत सगळे उघडे करतात. त्या सरसकट बंद करू नका. पात्रे बांधण्याच्या बैठकीतच खेळाडूशी बोलून त्यांची किंमत कथेत कशी मोजली जाईल ते ठरवा: मन वाचल्याचे समोरच्याला कळते, किंवा भूतकाळ फक्त वस्तूला हात लावूनच दिसतो. त्याच बैठकीत नायक जीव घेतात का, निष्पाप माणसे मरू शकतात का, आणि कोणते विषय टेबलावर नकोत, हेही बोलून घ्या. कोणतीही सिस्टीम हे तुमच्या वतीने ठरवत नाही.

८. सहा बैठकांचा करार करा

एवढे करूनही मन दोन सिस्टीममध्ये अडकले असेल, तर माझा कौल असा आहे: गटात आकडेमोडीची हौस असलेली एक व्यक्ती असेल आणि शक्तींचे वैविध्य हेच आकर्षण असेल, तर म्युटंट्स अँड मास्टरमाइंड्स, नियम वाचायला कोणीच तयार नसेल, तर फेट किंवा आयकॉन्स, नात्यांची आणि वाढत्या वयाची कथा हवी असेल, तर मास्क्स. चॅम्पियन्सचे मला अतिशय प्रेम आहे, तरीही नवख्या गटाला मी ती पहिली म्हणून सुचवणार नाही.

निवड झाली की ती सिस्टीम सहा बैठका खेळायचीच आणि मध्ये बदलायची नाही, असे सर्वांनी मिळून ठरवा. पहिल्या दोन बैठकांत कोणतीही सिस्टीम अवघड वाटते, म्हणून तेव्हाचे मत ग्राह्य धरू नका. दरम्यान प्रत्येक खेळाडूकडून त्याच्या नायकाचे वर्णन, एकही आकडा न वापरता, एका पानावर लिहून घ्या: तो काय करू शकतो, काय करू शकत नाही, कोणासाठी लढतो. सहाव्या बैठकीनंतर सिस्टीम बदलावी असे ठरले, तर जुन्या शीटवरचे आकडे नव्या नियमांत रूपांतरित करण्याचा प्रयत्न सोडून द्या आणि या पानावरून नायक नव्याने बांधा. कथा जेथे थांबली होती तेथूनच पुढे सुरू करता येईल.